पाणी मुरतंय

दिवसभर हिद्दच्या प्लांटवर
आम्ही समुद्रातून मीठ काढतो.
रात्री खोलीवर येऊन मी
त्याच पाण्यात मोजून मीठ घालतो,
मोठ्या बादलीला साडेतीन वाट्या,
काटा पस्तिसावर टेकेपर्यंत.
रूममधला डाबरे, वसईचा, पलंगावरून विचारतो,
दोन्हीकडचा पगार मिळतो का रे तुला?

टाकी तीन फुटी. वाळू पांढरी.
मनाम्याच्या कुंजुमोनने चार दगड दिले,
भोकाभोकांचे, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
आणि बजावलं : सालासकट एक कोलंबी टाक.
सडू दे. खाऊ नकोस.
हर्णैच्या माणसाला हे सांगावं लागतंच.

फोनवर रेवा : मासे आले का?
नाही गं. पाणी मुरतंय अजून.
मागून शलाका : कुठे मुरतंय नक्की?
हसते.
व्हिसाच्या कागदांबद्दल पाच महिने
हेच विचारते, न हसता.

काचेच्या तीन नळ्या.
थेंब मोजायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं.
पहिलीत पिवळं म्हणजे काही नाही,
पोपटी म्हणजे विष.
आधी पोपटी झालं, मग गर्द हिरवं.
हिरवं उतरलं तेव्हा मी उगाच खूश झालो;
शेजारच्या नळीत जांभळं चढलं होतं.
कुणीतरी एक विष खात होतं
आणि दुसरं मागे ठेवत होतं.
कुणीतरी, न दिसणारं,
दगडाच्या भोकांत बिऱ्हाड करून.

शलाकाला म्हटलं, विरजण समज.
मग सारखं झाकण काढून बघू नकोस,
ती म्हणाली.

अकरा दिवस जांभळं.
जुलै. खिडकीच्या फटीतून पिठासारखी धूळ,
एसी धापा टाकतोय,
आणि टाकीतलं पाणी रोज बोटभर कमी.
उडतं ते पाणी. मीठ उडत नाही.
म्हणून वरून गोडंच घालायचं,
प्लांटवरून कॅनमध्ये आणलेलं.
असं इतकं सरळ मला
इथे आल्यावर कुणी सांगितलं नव्हतं.

वाळूवर तपकिरी साय धरली. घाबरून फोन केला.
चांगलं आहे, कुंजुमोन म्हणाला,
ही येते आणि जाते. पुसत बसू नकोस.
त्याच रात्री टॉर्च मारला तर दगडातून
केसाएवढा, काटेरी एक हात
बाहेर आला, चाचपला, आत गेला.
मी विकत न घेतलेला कुणी.
दोन दिवस मी हे कुणालाच सांगितलं नाही.

मग जांभळं एकदाचं फिकटलं.
कुंजुमोन म्हणाला, थांब, एक परीक्षा आहे.
आज संध्याकाळी मुद्दाम अमोनिया घाल, पाऊण चमचा.
उद्या याच वेळी बघ.
दोन नळ्या कोऱ्या हव्यात
आणि तिसरी शेंदरी.
तिसरीला घाबरू नकोस. ती खरकटी ताटं,
जेवणं उरकल्याची खूण.
थोडं पाणी बदललं की झालं.

पिवळं. आकाशी. शेंदरी.
नळ्या खिडकीशी धरल्या, ट्यूबलाइटखाली धरल्या,
रात्रपाळीहून आलेल्या डाबरेला उठवून दाखवल्या.
पिवळंच आहे बाबा, तो म्हणाला. झोप.

पण पहिला मासा रेवा निवडणार, असं ठरलंय.
आणि रेवाचा पासपोर्ट
कुठल्यातरी टेबलावर आहे.
कुंजुमोन सांगतो, रिकामी टाकी उपाशी ठेवलीस
तर आतले मरतील, पुन्हा कोलंबीपासून सुरुवात.

म्हणून रोज संध्याकाळी
ड्यूटीचे बूट काढायच्या आधी
मी पाऊण चमचा विष मोजतो,
ओततो, झाकण लावतो.
सकाळपर्यंत त्यांनी ते संपवलेलं असतं.
काटेरी हात आता दोन दिसतात.

मासे आले का?
नाही गं.
मग आज काय केलंस?
जेवायला वाढलं.
कुणाला?